वाचक विचारतात : सिग्नल्सचा अधिकारी व्हायचं तर

गेल्या अंकात लष्कराच्या संदेशवहन शाखेचा, म्हणजे कोअर ऑफ सिग्नल्सचा, ओझरता उल्लेख आला आणि पत्रांचा ढीग लागला. बरीच पत्रं एकाच गैरसमजावर उभी आहेत : सिग्नल्ससाठी वेगळी परीक्षा असते. तशी परीक्षा नसते. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मुलगा बारावी विज्ञानला आहे, जेईई मेन दिली आहे. त्याला सिग्नल्समध्येच जायचं आहे. कुठे अर्ज करायचा? (एक पालक, कराड)

अर्ज सिग्नल्ससाठी नाही, सैन्याच्या अधिकारीपदासाठी करायचा असतो. कुठली शाखा मिळणार हे प्रशिक्षणाच्या शेवटी ठरतं. प्रशिक्षणार्थी पसंतीक्रम देतो, पण गुणवत्ता क्रमांक आणि त्या तुकडीतल्या रिक्त जागा यांनाही वजन असतं. ‘सिग्नल्स नाहीतर काहीच नको’ असं मुलाच्या मनात असेल, तर त्याच्याशी आताच बोला. पायदळ मिळालं तरी आनंदानं जाईन, अशी तयारी असणाऱ्यानंच या वाटेला जावं.

बारावीनंतर दोन वाटा आहेत. पहिली सैन्याची १०+२ टेक्निकल एन्ट्री स्कीम, म्हणजे टीईएस. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून ६० टक्के, जेईई मेन दिलेली असणं आणि वय साडेसोळा ते साडेएकोणीस, या तिच्या मुख्य अटी. इथे टक्के वर ओढले जात नाहीत, ५९.९ म्हणजे ६० नव्हे. लेखी परीक्षा नाही, निवड झालेल्यांना थेट एसएसबीच्या, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या, मुलाखतीचं बोलावणं येतं. पूर्वी हे प्रशिक्षण पाच वर्षांचं होतं, २०२४पासून चार वर्षांचं झालं आहे : तीन वर्षं अभियांत्रिकीचं शिक्षण (सैन्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत : पुण्यात दापोडीजवळचं सीएमई, महूचं एमसीटीई किंवा सिकंदराबादचं एमसीईएमई) आणि शेवटचं वर्ष डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत, म्हणजे आयएमएत. महूत शिकला म्हणजे सिग्नल्सच मिळेल, असा हिशेब मात्र करू नका.

दुसरी वाट खडकवासल्याच्या एनडीएची. यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते : गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६०० आणि पुढे एसएसबी ९००. एनडीएत तीन वर्षं आणि आयएमएत एक वर्ष काढून कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळतं. या वाटेनं सिग्नल्समध्ये आलेल्याला अभियांत्रिकीची पदवी पुढे सैन्यच महूला शिकवून देतं.

दोन्हीकडे अर्ज करावा. एसएसबीची चाचणी दोन्हीकडे सारखीच असते, त्यामुळे एका ठिकाणची तयारी दुसऱ्या ठिकाणी वाया जात नाही. छत्रपती संभाजीनगरची राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, म्हणजे एसपीआय, १९७७पासून दहावीनंतर मुलांना याचसाठी घडवते आहे, आणि २०२३पासून नाशिकला मुलींसाठीही तशी संस्था सुरू झाली. तुमचा मुलगा बारावीत आहे, म्हणजे त्याची ती वेळ निघून गेली. धाकटं भावंड असेल तर लक्षात ठेवा.

पगाराचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सात पत्रांत विचारलं आहे. लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, त्यावर १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे आणि महागाईसह इतर भत्ते. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. इथपर्यंतची बढती सेवेच्या वर्षांवर मिळते, पण अधल्यामधल्या खात्यांतर्गत परीक्षा पास व्हाव्याच लागतात. कर्नलपासून पुढे निवड मंडळ बसतं आणि तिथे चाळणी बारीक असते.

प्रश्न : मी ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुलींना अभियांत्रिकी प्रवेश आहे का? कायमचं कमिशन मिळतं का? (वाचक, अमरावती)

आहे. शॉर्ट सर्व्हिस कमिशन (टेक्निकल) मुलामुलींना खुलं आहे, वय २० ते २७. प्रशिक्षण चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत, साधारण ४९ आठवड्यांचं. नेमणूक दहा वर्षांची, पुढे चार वर्षं वाढवून मिळू शकतात. कायम कमिशनचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या १७ फेब्रुवारी २०२०च्या निकालानं मोकळा झाला. सिग्नल्ससह अनेक शाखांतल्या महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशनसाठी विचारात घ्यावं, असा तो निकाल. मुलांसाठी याच शैक्षणिक पात्रतेवर टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स हीही वाट आहे. तिचं प्रशिक्षण आयएमएत होतं आणि सुरुवातीपासूनच कायम कमिशन असतं.

अर्ज कुठे अडकतात, ते मात्र नीट वाचा. जाहिरातीत मान्य अभियांत्रिकी शाखांची यादी असते आणि पदवीवरचं नाव त्या यादीतल्या नावाशी जुळावं लागतं. ‘इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन’ ठीक आहे, पण हल्ली महाविद्यालयांनी काढलेल्या नव्या नावांच्या शाखांचं तसं नसतं. अर्ज भरण्यापूर्वी यादीशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. दुसरी अडचण सीजीपीएची. शेवटच्या वर्षाच्या उमेदवारांची पहिली चाळणी सहाव्या सत्रापर्यंतच्या एकत्रित टक्क्यांवर होते, आणि सीजीपीएचे टक्के करण्याचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं. विद्यापीठाचं रूपांतर प्रमाणपत्र आधीच घेऊन ठेवा, ऐन वेळी ते मिळवताना महिना जातो. आणि पदवीचा पुरावा प्रशिक्षण सुरू झाल्यापासून १२ आठवड्यांत द्यावा लागतो, नाहीतर तोवर झालेला खर्च वसूल होतो. एखादा विषय राहिला असेल तर ही तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिहा.

प्रश्न : मी बी.एस्सी. आहे, इंजिनिअर नाही. दार बंद? (वाचक, पणजी)

उघडं आहे. सीडीएस, म्हणजे पदवीधरांसाठीची यूपीएससीची कंबाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षा, द्या. चेन्नईच्या अकादमीसाठीच्या सीडीएसला तर गणिताचा पेपरही नसतो. मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती देशाला देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी सिग्नल्सच्याच, आणि त्यांचं पदव्युत्तर शिक्षण जीवरसायनशास्त्रातलं. २०१६मध्ये पुण्यात झालेल्या ‘फोर्स १८’ या बहुराष्ट्रीय सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व त्यांनीच केलं होतं.

प्रश्न : महूला नेमकं काय शिकवतात? तारा ओढायला आणि मोबाइल टॉवर उभारायला अधिकारी कशाला लागतो? (वाचक, चिंचवड)

खोचक प्रश्न आहे, पण चांगला आहे.

महू म्हणजे आजचं डॉ. आंबेडकर नगर. बाबासाहेबांचं जन्मगाव म्हणून मराठी माणसाला ते ठाऊक असतंच, आणि त्यांचे वडील सैन्यात होते म्हणून तो जन्म तिथे झाला. तिथलं मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग हे सिग्नल्सचं माहेर. नवा अधिकारी आधी युनिटमध्ये जातो, मग यंग ऑफिसर्स कोर्सला इथे येतो. ज्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नाही, तो पुढे पदवीचा कोर्स करतो. ही बी.टेक. दिल्लीच्या जेएनयूची असते, त्यामुळे बाहेरच्या जगातही ती पूर्ण पदवी म्हणूनच धरली जाते. नंतर काहींना एम.टेक.साठी आयआयटीतही पाठवतात.

आता तारांविषयी. तार जवान ओढतात, आणि उत्तम ओढतात. ती कुठून न्यायची, तुटली तर संदेश दुसऱ्या कुठल्या वाटेनं जाईल, हे ठरवणं अधिकाऱ्याचं काम. त्यासाठी हिशेब यावा लागतो. तीन उदाहरणं पाहा.

व्हीएचएफ, म्हणजे अतिउच्च वारंवारतेचा, रेडिओ साधारण नजरेच्या टप्प्यात चालतो. दोन्ही टोकांच्या अँटेनांची उंची मीटरमध्ये घ्या, प्रत्येकीचं वर्गमूळ काढा, बेरीज करून ४.१२नं गुणा, म्हणजे सपाट मुलुखातलं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. दोन्हीकडे ४ मीटर असेल तर सुमारे १६.५ किलोमीटर. दोन्हीकडे १६ मीटर केली तर ३३. म्हणजे उंची चौपट केली तेव्हा अंतर दुप्पट झालं. मधे डोंगर आला की हे सूत्र बाजूला ठेवायचं आणि नकाशावर समोच्चरेषा मोजून संदेश पुढे पाठवणारा रिपीटर कुठे बसवायचा ते शोधायचं.

एचएफची, म्हणजे त्याहून कमी वारंवारतेच्या रेडिओची, अडचण वेगळी आणि नवशिक्याला हमखास फसवणारी. जमिनीलगतची लहर काही दहा किलोमीटरवर विरते. आकाशात गेलेली लहर आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरावरून, परतते ती थेट शेकडो किलोमीटर पलीकडे. मधला पट्टा मुका राहतो. नेमकी त्याच पट्ट्यात आपली बटालियन असते! यावर उपाय म्हणजे अँटेना उंच न करता जमिनीलगत आडवी ताणायची आणि साधारण २ ते १० मेगाहर्ट्झमधली वारंवारता निवडायची. मग लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि तीनशेक किलोमीटरच्या परिघात सगळीकडे उतरते. अर्धलहरी तारेची लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ला मेगाहर्ट्झनं भागा. ५ मेगाहर्ट्झला २८.६ मीटर. दिवसा जी वारंवारता चालते ती रात्री चालत नाही, रात्री खाली यावं लागतं. ‘संध्याकाळी सेट बिघडला’ अशी तक्रार आली की आधी घड्याळ पाहावं, मग सेट उघडावा.

तिसरा हिशेब ऑप्टिकल फायबरचा. ४० किलोमीटरची केबल १५५० नॅनोमीटरवर किलोमीटरला ०.२ डेसिबल (शक्तीतली घट मोजायचं माप) खाते, म्हणजे ८. दर दोन किलोमीटरला एक जोड धरला तर १९ जोड, प्रत्येकी ०.१, म्हणजे जवळपास २. दोन टोकांच्या कनेक्टरांचा मिळून १. एकूण ११, त्यावर ३ डेसिबल राखीव. दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते, तेव्हा हे १४ म्हणजे किती, ते मुलांनी स्वतः काढून पाहावं.

याउपर बिघाड असतातच. कोअॅक्सच्या, म्हणजे सेट आणि अँटेना जोडणाऱ्या केबलच्या, कनेक्टरात पाणी शिरतं, लहर अँटेनाऐवजी सेटकडे परत येते आणि सेट स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करतो. थंडीत बॅटऱ्यांची क्षमता घटते, म्हणून ज्या सुट्या असतील त्या जवान अंगावरच्या जॅकेटच्या आत बाळगतो. खडकाळ किंवा गोठलेल्या जमिनीत अर्थिंग धरत नाही. फ्रिक्वेन्सी हॉपिंगच्या, म्हणजे सतत वारंवारता बदलणाऱ्या, सेटांत वेळ जुळली नाही किंवा सांकेतिक किल्ली चुकीची भरली गेली तर यंत्र धडधाकट असूनही नेट, म्हणजे सेटांचं आपसातलं जाळं, जमत नाही. हा शेवटचा दोष सगळ्यात जास्त वेळ खातो, कारण सगळे यंत्रच तपासत बसतात.

शिवाय माणसं सांभाळायची असतात. १५ फेब्रुवारी १९११ला ही शाखा स्थापन झाली तेव्हा कामात आरसे, झेंडे आणि तारयंत्र होतं. आज सायबर सुरक्षा, उपग्रह आणि सॉफ्टवेअर रेडिओ आहे. शाखेचं ब्रीद ‘तीव्र चौकस’ मात्र जुन्या लोकांना लागू होतं तसं आजही होतं.

प्रश्न : आत्ता घरबसल्या काय करता येईल? (वाचक, वय १६, कुडाळ)

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी रेडिओ केंद्राचं, लायसन्स घे. दूरसंचार विभागाच्या परीक्षेला वयाची किमान अट १२ वर्षांची आहे, तेव्हा तू पात्र आहेस. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही, जनरल श्रेणीला मिनिटाला ८ शब्दांचं मोर्स लागतं. लायसन्स येईपर्यंत नुसतं ऐक, प्रसारण करू नकोस, तो गुन्हा आहे. जोडीला ओहमचा नियम, डेसिबल आणि आयपी पत्त्यांचं सबनेटिंग कागदावर हातानं सोडव. आणि रोज चार किलोमीटर धाव. एसएसबीत आणि अकादमीत ते नेटवर्किंगइतकंच कामी येतं.

प्रश्न : एसएसबीत हुशार इंजिनिअर गळतात ते का? (वाचक, सोलापूर)

पाच दिवसांची चाचणी असते. पहिल्याच दिवशी बुद्धिमत्ता चाचणी आणि चित्रावर गोष्ट रचून गटात चर्चा, इथेच बरेच घरी जातात. गळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे चर्चेत गप्प राहणं, किंवा उलट, आवाज चढवणं. मानसशास्त्राच्या चाचणीत ६० शब्द असतात, प्रत्येकाला १५ सेकंद, आणि ६० प्रसंग ३० मिनिटांत. पाठ केलेली उत्तरं इतक्या वेगात टिकत नाहीत, हात आपोआप खरं लिहू लागतो. इंजिनिअरला मुलाखतीत त्याच्याच प्रकल्पावर विचारतात. प्रकल्प विकत आणलेला असेल तर तिसऱ्या प्रश्नाला कळतं.

प्रश्न : मी सिग्नल्समध्येच जवान आहे, बारावी पास. अधिकारी होता येईल? (वाचक, मूळ गाव सातारा जिल्हा)

होता येईल. आर्मी कॅडेट कॉलेजची वाट तुमच्यासाठीच आहे : वय २० ते २७, किमान दोन वर्षं सेवा, बारावी उत्तीर्ण. डेहराडूनला तीन वर्षं आणि मग आयएमएत एक वर्ष. वय पुढे गेलं असेल तर स्पेशल कमिशनचं विचारा. लेखी परीक्षेची तयारी जबलपूर किंवा गोव्याच्या ट्रेनिंग सेंटरमधल्या तुमच्या जुन्या उस्तादांना विचारून सुरू करा, त्यांना कुठे मार्क कापतात ते ठाऊक असतं. अर्ज युनिटमार्फत जातो, तेव्हा रजेचा बेत आखण्याआधी हेड क्लार्कला गाठा.

प्रश्न : दहा वर्षांनी बाहेर पडल्यावर नोकरीसाठी कुठली प्रमाणपत्रं हवीत? (वाचक, ठाणे)

दहा वर्षांच्या शॉर्ट सर्व्हिसला पेन्शन नाही, त्याला वीस वर्षं लागतात. ग्रॅच्युइटी मिळते. तेव्हा तयारी सातव्या-आठव्या वर्षीच सुरू करावी. नेटवर्कसाठी सीसीएनए, पुढे सीसीएनपी. सायबर सुरक्षेत जायचं तर सीआयएसएसपी, पण त्याला आठपैकी किमान दोन क्षेत्रांतला पाच वर्षांचा अनुभव लागतो, चार वर्षांच्या पदवीमुळे एक वर्ष सूट मिळते. प्रकल्प व्यवस्थापनासाठी पीएमपी : पदवीधराला ३६ महिने प्रकल्प हाताळल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण. पुनर्वसन महासंचालनालय आयआयएमसारख्या संस्थांत अधिकाऱ्यांसाठी २४ आठवड्यांचे कोर्स चालवतं, त्यांना अर्ज वेळेत करा.

बायोडेटात सेटचं नाव, ठिकाण, युनिटचा क्रमांक किंवा वारंवारता लिहू नका. गोपनीयतेचा कायदा गणवेश उतरवल्यावरही लागू राहतो. ‘अमुक सेक्टरमध्ये तमुक यंत्रणा उभारली’ याऐवजी ‘१२०० वापरकर्त्यांचं, ४० ठिकाणचं नेटवर्क उभारलं, ६० जणांची तुकडी सांभाळली’ असं लिहायचं, आणि हे आकडेसुद्धा तुमच्या कार्यालयाकडून आधी मान्य करून घ्यायचे.