थिरथिऱ्याची शेपटी आणि जड लेन्स

प्रश्न : १५०-६०० मिमीची, सुमारे २ किलो वजनाची लेन्स हातात धरून पुण्याजवळ कवडीपाटला थिरथिरा या पक्ष्याची छायाचित्रे घेतली, सगळीच धूसर आली. चूक कुठे झाली असावी?

उत्तर : बहुधा शटरचा वेग कमी पडला आणि हातही थकले असावेत. ६०० मिमीवर शटर १/१२५० सेकंदापेक्षा संथ ठेवू नये, कारण लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा आपला हात सावरते, पक्ष्याची हालचाल मात्र थांबवत नाही, आणि थिरथिऱ्याची तांबूस शेपटी तर बसल्या जागीही सारखी थरथरत असते. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १६००पर्यंत बेलाशक वाढवा. त्याने छायाचित्र दाणेदार झाले तरी चालते, हललेले चालत नाही. लेन्सला मोनोपॉडचा, म्हणजे एकपायी स्टँडचा, आधार द्या. हा पक्षी किडा टिपून पुष्कळदा त्याच दगडावर परततो. म्हणून त्याच्यामागे न धावता, सूर्य पाठीशी घेऊन जवळच शांत बसून राहावे.