डिसेंबरात मुंबईहून केदारकंठाच्या बर्फातल्या ट्रेकला जाताना पाय उबदार, कोरडे आणि फोडांशिवाय कसे ठेवावेत?

सुती मोजे घरीच ठेवा आणि आत पातळ सिंथेटिक, त्यावर जाड लोकरीचा असे दोन मोजे घालून, बोटे मोकळी हलतील एवढे ऐसपैस आणि पाणी आत न येऊ देणारे बूट वापरा. सुती कापड घाम शोषून ओलेच राहते, ओला पाय लवकर गार पडतो आणि ओलाव्याने मऊ झालेली कातडी घासली गेली की तिथेच फोड येतो; लोकर मात्र दमट झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते, आणि दोन मोज्यांमुळे घर्षण कातडीऐवजी बरेचसे मोज्यांमध्येच होते. जास्त ऊब हवी म्हणून तिसरा मोजा कोंबणे ही फार नेहमीची चूक आहे, कारण घट्ट बुटात रक्त बोटांपर्यंत नीट पोहोचत नाही. बूट महिनाभर आधी, याच मोज्यांसह मापून घ्या आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंत चार-पाच वेळा चालून पायात रुळवा. वाटेत टाच चुरचुरू लागताच, सोबतचे पुढे गेले तरी, थांबून मोजा काढा आणि कातडी कोरडी करून चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावा. झोपण्यासाठी एक कोरडा जोड राखून ठेवा. मात्र बोटे बधिर होऊन पांढरी पडली, तर ती चोळू नका किंवा शेकोटीवर धरू नका; निवाऱ्यात येऊन, पुन्हा गारठण्याचा धोका नसेल तरच, ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.