वाचकांचे प्रश्न : प्रवाळांचा रंग, चुन्याची निवळी आणि आषाढाचा पाऊस

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ सांभाळणाऱ्या सीमाभागातील वाचकांची पत्रे गेल्या काही महिन्यांत आली. त्यांपैकी पाच पत्रांतील प्रश्न येथे थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे देत आहे. प्रारंभी शब्दांविषयी एक खुलासा करतो. ‘क्षारता’ हा शब्द आपल्याकडे पाण्याच्या खारेपणासाठीही वापरतात आणि अल्कलिनिटीसाठीही. टाकीच्या बाबतीत ही दोन मापे पूर्णपणे वेगळी असल्याने मी ‘खारेपणा’ (पाण्यातील एकूण मिठाचे प्रमाण) आणि ‘अल्कलिनिटी’ (मुख्यतः कार्बोनेट-बायकार्बोनेटमुळे येणारी, आम्ल पचविण्याची पाण्याची क्षमता) असेच लिहिणार आहे.

निपाणीच्या एका वाचकांचा प्रश्न : माझी टाकी २०० लिटरची आहे. आठ महिन्यांपूर्वी आणलेली हिरवी आणि जांभळी प्रवाळे आता तपकिरी पडली आहेत. नायट्रेट ४० आणि फॉस्फेट ०.३ पीपीएम (म्हणजे लिटरला मिलिग्रॅम) येते. बोअरचे पाणी घरच्या आरओ यंत्रातून गाळून वापरतो; गाळल्यावर टीडीएस ७० दिसतो. दुकानदार अधिक प्रखर दिवा आणि रंग खुलविणारे औषध घ्यायला सांगतो. घ्यावे का?

दोन्ही घेऊ नयेत, निदान आत्ता तरी. आपण आकडे कळविले हे फार बरे केले, कारण उत्तर त्यांतच आहे.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल दाटीने राहतात आणि प्रकाशाच्या साह्याने तयार केलेल्या अन्नातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात. या शैवालांचा रंग मुळातच सोनेरी-तपकिरी असतो. हिरवा, जांभळा, गुलाबी हे जे रंग पाहून आपण खिशात हात घालतो, ते प्राण्याने स्वतः बनविलेल्या प्रथिनांचे असतात. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट वाढले की शैवालांना खत मिळाल्यासारखे होते, त्यांची संख्या वाढते आणि त्यांची तपकिरी छटा मूळ रंगावर चढते. आपण ‘रंग उडाला’ म्हणतो. प्रत्यक्षात तो झाकला गेलेला असतो, आणि म्हणूनच तो परत येऊ शकतो.

आता हे खत येते कोठून, ते पाहू. माशांना घातलेले जादा खाद्य हे एक कारण असतेच, पण आपल्या बाबतीत मला संशय पाण्याचाच अधिक आहे. पिण्यासाठीच्या आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळण्याची सोय बहुधा असते, त्यामुळे ७० टीडीएस पिण्याला उत्तम असला तरी प्रवाळाला तो चालत नाही. टाकीतून दररोज ३ लिटर पाण्याची वाफ होते आणि त्या जागी आपण हे पाणी घालता असे धरले, तर वाफ शुद्ध पाण्याची होते आणि विरघळलेले पदार्थ मागे राहतात. दर लिटरला ७० मिलिग्रॅम या हिशेबाने महिन्याला सव्वासहा ग्रॅम पदार्थ टाकीत साचतात, आणि त्यांत नेमके काय आहे हे टीडीएसचे यंत्र सांगत नाही. शेतीच्या मुलखातील बोअरच्या पाण्यात नायट्रेट असण्याची शक्यता मोठी असते. जुन्या तांब्याच्या नळ्यांतून आलेले तांबे तर अगदी अल्प प्रमाणातही प्रवाळाला आणि कोळंबीला घातक ठरते. आरओच्या पुढे डीआय रेझिनचे (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या बारीक मण्यांचे) एक नळकांडे बसवावे आणि टीडीएस शून्यावर आणावा. दिव्याच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

त्यानंतर दर आठवड्याला टाकीतील १० टक्के पाणी बदलत राहावे आणि नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमपर्यंत दोन-तीन महिन्यांत खाली येऊ द्यावे. घाई करू नये, आणि शून्य गाठण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. दोन्ही आकडे शून्यावर आले की प्रवाळ उपाशी पडून फिकट होते आणि वाळूवर बुडबुडे अडकलेली तपकिरी बुळबुळीत साय धरू लागते, जी काढता काढता माणूस मेटाकुटीला येतो.

दिव्याविषयी एक गोष्ट तपासून पाहावी. प्रवाळांतील कित्येक प्रथिने निळा प्रकाश शोषून हिरवा किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. याच कुळातील हिरवे प्रथिन प्रथम एका जेलीफिशमध्ये सापडले आणि त्यावरील कामाला २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुकानात केवळ निळे दिवे लावलेले असतात, त्यामुळे तेथे निखाऱ्यासारखे दिसणारे प्रवाळ घरच्या पांढऱ्या उजेडात साधे दिसते. रात्री टाकीचे पांढरे दिवे बंद करून फक्त निळे ठेवावेत. हिरवा रंग तसाच पेटून उठत असेल, तर निम्मी काळजी तेथेच मिटेल.

बेळगाव-वडगावच्या एका वाचकांचा प्रश्न : माझ्या टाकीतील कठीण प्रवाळांचे रंग सलग तीन वर्षे पावसाळ्यातच फिके पडतात. दिवे, खाद्य, मासे, काहीही बदललेले नसते. वाफेची भर चुन्याच्या निवळीने करतो. हवेचा काही संबंध असेल का?

संबंध आहे, आणि तो मला स्वतःला एक प्रवाळ गमावल्यावर कळला, म्हणून सविस्तर लिहितो.

कठीण प्रवाळ सांगाडा बांधते ते पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट यांच्यापासून. कॅल्शियमचा साठा पुष्कळ, म्हणजे ४२० पीपीएमच्या आसपास असतो, पण अल्कलिनिटीचा साठा तोकडा असतो. खऱ्या समुद्रात ती सुमारे ७ डीकेएच (हे अल्कलिनिटीचे एकक) असते. टाकीत ८ ते ९ ठेवतात. त्यामुळे आधी घसरते ती अल्कलिनिटी. चुन्याची निवळी या दोन्ही गोष्टी योग्य प्रमाणात परत देते, शिवाय स्वस्त पडते. शुद्ध पाण्याच्या लिटरमध्ये जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो. उरलेला तळाशी बसतो आणि वरची स्वच्छ निवळी घ्यायची असते. अशी एक लिटर संपृक्त निवळी १८० लिटर पाण्याची अल्कलिनिटी साधारण ०.६ डीकेएचने वाढविते.

आता आपल्याकडचे हवामान पाहा. मार्चमध्ये कोरडा वारा सुटला की माझ्या १८० लिटरच्या टाकीतून दिवसाला ३ लिटर पाणी उडते. मी निम्म्या तीव्रतेची निवळी देत असे, म्हणजे रोज सुमारे ०.९ डीकेएचची भर पडे आणि प्रवाळे तेवढीच वापरत. ताळेबंद इतका चोख जुळला होता की मी मोजणेच सोडून दिले. पुढे आषाढ लागला. भिंतींना ओल आली, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळेनात, आणि टाकीतील पाणी जेमतेम १ लिटर उडू लागले. भर घालणारा पंप वाफेइतकेच पाणी सोडतो, त्यामुळे निवळीही तिसऱ्या हिश्शावर आली. प्रवाळांची गरज मात्र तीच राहिली. काही दिवसांनी सहज मोजले तेव्हा ८.४ ची अल्कलिनिटी ६.३ झाली होती. एका प्रवाळाच्या बुंध्याकडून मांस सुटून पांढरा सांगाडा दिसू लागला होता, आणि इतरांचे रंग पाणी घातलेल्या शाईसारखे दिसत होते. मीही आधी दिव्यालाच दोष दिला होता, हे कबूल करतो.

यावर उपाय सोपा आहे. जून ते सप्टेंबर निवळी पूर्ण तीव्रतेची करावी, आणि तरीही तूट राहिली तर ती खाण्याच्या सोड्याने भरावी. १८० लिटरला १ डीकेएच वाढवायला सुमारे साडेपाच ग्रॅम सोडा लागतो. तो शुद्ध पाण्यात विरघळवून, प्रवाहाच्या तोंडाशी, थोडा-थोडा घालावा. सोडा म्हणजे सोडाच. बेकिंग पावडर चालणार नाही. सोडा केवळ अल्कलिनिटी वाढवितो, म्हणून कॅल्शियमवर वेगळी नजर ठेवावी. एका दिवसात १ डीकेएचपेक्षा अधिक वाढवू नये, कारण प्रवाळाला खाली येणे जितके बाधते तितकेच एकदम वर जाणेही बाधते. ७.५ वर वर्षभर ठरलेली टाकी ७ आणि १० यांच्यामध्ये हेलकावणाऱ्या टाकीपेक्षा कितीतरी अधिक रंगीत दिसते. पावसाळ्यात दर तिसऱ्या दिवशी, शक्यतो एकाच वेळेला, अल्कलिनिटी मोजावी.

निवळी कडक असते, तिचा पीएच १२ च्या वर जातो. ती रात्री थेंब-थेंब द्यावी, कारण रात्री टाकीचा पीएच उतरलेला असतो. मुलांच्या हाती ती भांडी लागू देऊ नयेत. आणि कृपा करून पानाच्या डब्यातला चुना वापरू नये. त्यात आणखी काय मिसळले आहे याचा भरवसा नाही. खाद्यपदार्थांसाठीचे शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणावे.

चिकोडीच्या एका वाचकांचा प्रश्न : एप्रिलमध्ये पाणी ३१ अंशांपर्यंत जाते आणि वळीव आला की तासन्‌तास वीज नसते. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) परवडत नाही.

बेळगावपेक्षा चिकोडीकडे उन्हाळा कडक असतो, हे खरे. पण कोरडी हवा येथे आपल्या बाजूची आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा घालणारे दोन लहान पंखे कोरड्या हवेत तापमान २ ते ३ अंशांनी उतरवितात. टाकीवरची काच मात्र काढून जाळी बसवावी लागेल, आणि वाफ वाढल्याने पाण्याची भर रोज घालावी लागेल. तीन दिवस भर चुकली आणि १८० लिटरमधून ९ लिटर उडाले, तर ३५ चा (म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) खारेपणा जवळजवळ ३७ होतो. दिव्यांची वेळ दुपारची असेल तर ती संध्याकाळी ५ ते रात्री १ अशी करावी. दिव्याची उष्णता आणि उन्हाचा तडाखा एकाच वेळी येणार नाही. बर्फ थेट टाकीत टाकू नये.

तापमान २५-२६ असावे, २८ सोसते. त्यावर काही आठवडे राहिले तर प्रवाळ आपल्या शैवालांना बाहेर टाकते आणि पांढरे पडते. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींचे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हेच झाले. पांढरे पडलेले प्रवाळ लगेच मेलेले नसते; प्रकाश कमी करून, पाणी स्थिर ठेवून आणि बारीक खाद्य देऊन ते सावरू शकते.

वीज गेल्यावर आधी संपतो तो प्राणवायू. उष्ण पाण्यात तो मुळात कमी विरघळतो आणि प्रवाह थांबला की माशांसह सर्वांचाच दम कोंडतो. दिवे आणि पंखे विसरून इन्व्हर्टरवर फक्त एक प्रवाहाचा पंप ठेवावा. तेही नसेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणून ठेवावा आणि महिन्यातून एकदा चालवून पाहावा. माझ्याकडचा पंप ऐन वेळी बंद निघाला होता. आतल्या सेलना गंज चढलेला होता.

खानापूरच्या एका वाचकांचा प्रश्न : चोर्ला घाट उतरला की गोवा. समुद्राचे पाणी आणि किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे तेथूनच आणले तर?

तुकड्यांविषयी उत्तर स्पष्ट नाही असेच आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व भित्ती बांधणारी कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे घालण्यात आले. वाघाला जे संरक्षण आहे तेच यांना आहे, आणि मालवण असो, कारवार असो वा नेत्राणी, तेथून जिवंत प्रवाळ काय, मेलेला सांगाडाही उचलता येत नाही. परदेशी कठीण प्रवाळे साईट्स कराराच्या (धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात येतात. आयातीची कागदपत्रे मागावीत, आणि घेण्यापूर्वी वन विभागाकडे विचारून घ्यावे. कागद दाखवायला जो विक्रेता कां-कूं करतो त्याच्याकडून काही घेऊ नये.

पाण्याचे म्हणाल, तर किनाऱ्यालगतचे पाणी मांडवी किंवा काळी नदीच्या मुखाशी पावसाळ्यात इतके गोडसर होते की त्याचा भरवसा धरता येत नाही, आणि बोटींचे तेलही त्यात आलेच. शून्य टीडीएसच्या पाण्यात मत्स्यालयाचे मीठ लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम घालून खारेपणा ३५ वर आणणे सोपे, आणि घाटातून कॅन वाहण्यापेक्षा स्वस्तही. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही.

संकेश्वरच्या एका वाचकांचा प्रश्न : बटणांसारखी दिसणारी मऊ प्रवाळे दगडावर फार वाढली आहेत. दगड उकळून साफ करावा का?

दगड कदापि उकळू नये, भाजू नये आणि ब्रशने कोरडा घासूही नये. या बटण-प्रवाळांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय तीव्र विष असते. असे दगड उकळल्याने त्याच्या वाफेतून घरातील सर्वांना विषबाधा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. हातमोजे आणि चष्मा घालून, दगड पाण्याखालीच ठेवून, बटणे बुंध्यातील दगडाच्या पातळ कपच्यासह छिन्नीने सुटी करावीत आणि त्यानंतर टाकीत पाणी शुद्ध करणारा ताजा ॲक्टिव्हेटेड कोळसा ठेवावा. हाताला जखम असेल, तर ती भरेपर्यंत हे काम पुढे ढकलावे. काम झाल्यावर अंगाला कापरे भरले, छातीत जड वाटले किंवा तोंडाला कडवट धातूसारखी चव आली, तर थेट रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द आठवणीने सांगावा. शक्य असल्यास तो कागदावर लिहून न्यावा.