अ‍ॅडव्हान्सला हात लावू नकोस

प्रश्न : ताई, मी वेंगुर्ल्याची. दादरला एका टूर कंपनीत पाच वर्षं बुकिंगचं काम केलं. बाबा आजारी पडले म्हणून गावी आले, आता इथेच राहायचं आहे. जवळ तीन लाख रुपये आहेत, ट्रॅव्हल एजन्सी काढायची म्हणते. एक कंपनी दोन लाखांत फ्रँचायझी द्यायला तयार आहे. कुडाळ स्टेशनजवळ आठ हजार भाड्याचा गाळा बघून ठेवलाय. भावाची सात सीटची गाडी दारातच आहे. जीएसटी, आयाटा हे सगळं आधी लागतं का? सुरुवात कशी करू?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : दोन लाख फ्रँचायझीला गेले की तुझ्याकडे एक लाख उरला, आणि गाळ्याचं वर्षाचं भाडंच ९६ हजार. हिशेब इथेच संपला. फ्रँचायझीवाला तुला बोर्ड आणि पोर्टल देईल. पोर्टल तू पाच वर्षं चालवलंयस, आणि वेंगुर्ल्यात बोर्ड वाचून कोणी पैसे देत नाही, 'ही कोणाची मुलगी' ते विचारून देतात. तेव्हा पहिलं वर्ष घराच्या पडवीत टेबल टाक. जून ते ऑगस्ट सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, भाडं मात्र बंद होत नाही.

कागदपत्रांची एवढी धास्ती घेऊ नकोस. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नकोस. तुझ्यासारख्या छोट्या धंद्याला दुकान कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. आयाटा, म्हणजे विमान कंपन्यांच्या संघटनेची मान्यता, सुरुवातीला लागत नाही, विमानाची तिकिटं मोठ्या एजंटांच्या पोर्टलवरून काढता येतात. सेवेच्या धंद्याला जीएसटी वर्षाच्या २० लाख उलाढालीनंतर. पण इथे एक मेख आहे. तू स्वतःच्या नावाने पॅकेज विकलंस तर उलाढालीत अख्खं बिल धरतात, नुसतं तुझं कमिशन नाही. वीस लाख वाटतात तेवढे लांब नसतात, म्हणून पहिल्या महिन्यापासून बिलबुक नीट ठेव.

भावाच्या गाडीची नंबराची पाटी पांढरी, म्हणजे खासगी असेल तर ती भाड्याने फिरवू नकोस. अपघात झाला तर विम्यावाले क्लेम अडवतात, आणि आत बसलेली माणसं तुझ्या भरवशावर बसलेली असतात. पिवळ्या पाटीचे, टुरिस्ट परमिटवाले दोन ड्रायव्हर जोडून ठेव. त्यातला एक तरी दारू न पिणारा आहे हे गावात विचारून नव्हे, स्वतः बघून ठरव.

रेल्वेचं काम तुझ्याकडे आपसूक येईल. चतुर्थी जवळ आली की चाकरमान्यांचे फोन सुरू होतात, 'बाय, तिकीट मिळतला काय?' स्वतःच्या आयडीवरून तिकीट काढून वर पैसे घेणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रीतसर एजंट आयडी घे. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. २०२६ची चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे १२ तारखेच्या गाडीचं बुकिंग १४ जुलैला. तात्काळच्या पहिल्या अर्ध्या तासात एजंटला तिकीट काढता येत नाही. म्हणून 'मिळतलाच' असा शब्द कोणालाही देऊ नकोस. तिकिटात सुटतात ते पैसे थोडे, पण त्याच घरातला मुलगा पुढे मे महिन्यात ऑफिसचा ग्रुप घेऊन येतो.

आता मला खरं जे सांगायचंय ते. मी मालवणात २०१६ साली सुरुवात केली. २०१९च्या दिवाळीला इचलकरंजीच्या २२ जणांचं बुकिंग होतं, ४० हजार अ‍ॅडव्हान्स. ऑफिसला चांगला काउंटर हवा म्हणून त्यातले पैसे मी सुताराला दिले. ग्रुप आला की बाकी रक्कम मिळणार होतीच. आणि ऐन दिवाळीत क्यार वादळ उठलं. देवबागात दर्याचं पाणी वस्तीत शिरलं, बोटी बंद, ट्रिप रद्द. त्या ग्रुपमधले एक आजोबा रोज सकाळी फोन करायचे, 'बाई, पैशांचं कसं?' मी रोज उद्यावर ढकलायचे. शेवटी पतपेढीचं कर्ज काढून तीन आठवड्यांनी पैसे परत केले. ते एका शब्दाने वाकडं बोलले नाहीत. दोन वर्षांनी तीच माणसं मला मालवणच्या जेटीवर दिसली, दुसऱ्या एजंटबरोबर. आजोबांनी ओळखलं, हात जोडले आणि बोटीत बसले. तो नमस्कार मला आजही टोचतो.

तेव्हापासून माझी दोन खाती आहेत. प्रवाशाचे पैसे एका खात्यात येतात आणि तो घरी पोचेपर्यंत त्यातला रुपया माझा नसतो. होमस्टेवाल्याचा, गाडीवाल्याचा वाटा तिथूनच जातो. दर्या खवळला, बोटी थांबल्या तर किती पैसे परत आणि किती दिवसांत, हे पैसे घेण्याआधी मराठीत लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते आणि 'वाचलं' असं उत्तर आल्याशिवाय बुकिंग धरत नाही. तूही पहिल्या दिवसापासून हेच कर. तुझ्या तीन लाखांतले एक लाख परताव्यासाठी बाजूला ठेव.

आणि विकायचं काय? मालवण-तारकर्ली सगळेच विकतात. तू तुझा वेंगुर्ला वीक. डच वखार, बंदरावरचं दीपगृह, रेडीचा गणपती, जिथे १९३०चा मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडा आणि तिथला वेळागर किनारा, परतताना सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी खेळणी आणि राजवाड्यातली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. तीन दिवस सहज भरतात, आणि कुठल्या वळणावर म्हाताऱ्या माणसाला उतरवायचं हे तुला ठाऊक आहे, दादरच्या कंपनीला नाही.

पण ज्या घरात पाहुणे ठेवणार तिथे आधी पैसे देऊन एक रात्र स्वतः झोप. शौचालय कमोडचं आहे का, वीज गेली की इन्व्हर्टर किती वेळ चालतो, शाकाहाऱ्याचं जेवण माशांच्या भांड्यांपासून वेगळं रांधतात का, ते बघ. आणि मालकिणीला विचार, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात विहिरीला किती पाणी असतं. ती विहिरीकडे घेऊन गेली तर ते घर यादीत घाल.