आपल्या गल्लीचा नंबर कधी लागणार?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याच्या वर पत्रं खड्ड्यांची आहेत. पावसाळी महिने संपले की हे दरवर्षीचंच. मी एका सिटीच्या पब्लिक वर्क्समध्ये बरीच वर्षं काढली, म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे ढकलला. बहुतेकांचा प्रश्न एकच होता, त्यामुळे सगळ्यात सविस्तर पत्र आधी घेतो.

काका नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात ईस्ट बेमध्ये राहतो, घर जुनं, आमचा कोर्ट म्हणजे पुढे बंद असलेली छोटी गल्ली. रस्ता इतका फुटलाय की मुलीला सायकल शिकवायला शाळेच्या पार्किंगमध्ये न्यावं लागतं. आणि मागच्या उन्हाळ्यात सिटीने काय केलं, तर आमच्या मागचा रस्ता, जो चांगला धड होता, त्याच्यावर नवा काळा थर दिला आणि आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही! गॅसवर (म्हणजे पेट्रोलवर) एवढा टॅक्स, गाडीच्या रजिस्ट्रेशनमध्ये ट्रान्सपोर्टेशन फी वेगळी, प्रॉपर्टी टॅक्सचं तर बोलायलाच नको. नवरा म्हणतो स्टेटचा पैसा हायवेसाठी असतो, गल्लीबोळांसाठी नसतोच. खरं काय?

नवऱ्याचं म्हणणं फेडरल पैशाबद्दल असतं तर मी मान डोलावली असती. वॉशिंग्टनचा हायवेचा पैसा नेहमीच्या डांबरीकरणासाठी घरांसमोरच्या रस्त्यांना सहसा मिळतच नाही, कारण कायद्यात रस्त्यांची वर्गवारी आहे आणि त्यात ‘लोकल’ म्हणून नोंदलेले रस्ते बाहेर ठेवलेत (पूल किंवा अपघात टाळायची कामं असे काही अपवाद सोडून). तुमचा कोर्ट शंभर टक्के त्या लोकलमध्ये. पण स्टेटच्या पैशाला ही अट नाही. उलट तुमच्या गल्लीला आशा असेल तर ती स्टेटच्या आणि काऊंटीच्या पैशाचीच आहे.

कॅलिफोर्नियाचा हा पैसा म्हणजे मुख्यतः एस बी वन, म्हणजे सिनेट बिल १, रस्त्यांसाठी टॅक्स वाढवणारा कायदा. २०१७ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही केली, १ नोव्हेंबर २०१७ पासून गॅसवर गॅलनमागे १२ सेंट वाढले, डिझेलवर २० सेंट, आणि २०१८ पासून ती रजिस्ट्रेशनमधली फी आली, जी गाडीच्या किमतीप्रमाणे तेव्हा २५ ते १७५ डॉलर होती. पुढे हे सगळं महागाईला बांधलं, म्हणून दर जुलैत गॅसवरचा टॅक्स थोडा वर सरकतो, १ जुलै २०२५ पासून तो गॅलनमागे ६१.२ सेंट झाला. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये हा टॅक्स रद्द करायला प्रपोझिशन ६ मतदानाला आलं होतं, ते जवळजवळ ५७ टक्के लोकांनी नाकारलं. त्याच वर्षी जूनमध्ये प्रपोझिशन ६९ पास झालं होतं, त्यामुळे हा नवा पैसा ट्रान्सपोर्टेशन सोडून दुसरीकडे वळवता येत नाही. म्हणजे सॅक्रामेंटोने, आपल्या स्टेटच्या सरकारने, तुमचा गॅस टॅक्स दुसरीकडे उधळला ही जी गोष्ट प्रत्येक पॉटलकला कुणीतरी सांगतं ना, ती एस बी वनच्या पैशाला लागू होत नाही.

आता हा पैसा तुमच्यापर्यंत कसा येतो ते बघा, कारण सगळी मेख इथे आहे. आधी काही ठरावीक रकमा बाजूला निघतात, उरलेल्यातला अर्धा स्टेट हायवेच्या दुरुस्तीला आणि अर्धा लोकल रस्त्यांना, त्या लोकलमधला परत अर्धा काऊंट्यांना आणि अर्धा सिटींना. आणि सिटींमध्ये वाटणी होते ती लोकसंख्येवर. रस्ते किती मैल आहेत, किती फुटलेत, किती जुने आहेत, हे त्या फॉर्म्युल्यात कुठेच नाही. डोकी मोजायची आणि चेक पाठवायचा. म्हणून साठ-सत्तरच्या दशकात ऐसपैस पसरलेल्या, डोकी कमी आणि डांबर जास्त अशा सिटीला तो पैसा पुरत नाही, आणि दाटीवाटीने अपार्टमेंट असलेल्या सिटीला तोच थोडा बरा पुरतो.

चेक सिटीकडे आला की पुढचं सगळं सिटीच्या हातात. तुमच्या गल्लीचं नाव सॅक्रामेंटोतला कुणी माणूस वाचत नाही. सिटीला फक्त एक यादी करावी लागते: कुठला रस्ता, काय काम, कधी, आणि ते काम किती वर्षं टिकेल. ही यादी दरवर्षी कौन्सिलच्या जाहीर मीटिंगमध्ये मंजूर होते आणि कॅलिफोर्निया ट्रान्सपोर्टेशन कमिशनकडे जाते. साधारण वसंतात, नवीन आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू व्हायच्या आधी. हा ठराव बऱ्याचदा कन्सेंट कॅलेंडरवर असतो, म्हणजे आठ-दहा विषय एका दमात हात वर करून पास, चर्चा शून्य, समोर खुर्च्या रिकाम्या. आणि ऑगस्टमध्ये पेव्हर, म्हणजे डांबर पसरायचं मशीन, आला की मग लोकांचे फोन सुरू होतात. मी असे फोन खूप घेतलेत. त्या वेळी काही करता येत नाही हो, कॉन्ट्रॅक्ट दिलेलं असतं.

आता तुमचा खरा राग, चांगल्या रस्त्यावर थर आणि फुटलेला तसाच. हे बघून संताप येणारच, पण यात सिटीचं चुकलेलं नाही असं माझं मत आहे. कोकणात मिरगाच्या आधी कौलं चाळून घेतात तसंच आहे हे, चार कौलं बदलली तर थोडक्यात भागतं, आणि एकदा वासे कुजले की छप्परच उतरवावं लागतं. रस्त्याला ० ते १०० असे मार्क असतात, पीसीआय म्हणतात. सत्तरच्या आसपास असेपर्यंत स्लरी सील नावाचा पातळ थर देऊन भागतं. पन्नासच्या खाली गेला की डांबराचा जाड थर, म्हणजे ओव्हरले, त्याहूनही बराच खाली गेला की खणून खालच्या खडीपासून नवीन करायचा, आणि तो खर्च स्लरीच्या कितीतरी पट. जेवढ्या पैशात तुमची एक गल्ली खणून होईल तेवढ्यात अनेक चांगल्या गल्ल्या अजून काही वर्षं चांगल्या राहतात. ‘सगळ्यात वाईट आधी’ या पद्धतीने जाणारी सिटी काही वर्षांनी सगळेच रस्ते वाईट करून बसते.

मात्र याची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी खोटारडा ठरेन. या हिशेबात तुमच्यासारखी गल्ली कायमची मागे राहू शकते. वाहतूक कमी, बस जात नाही, फुटून झालेली, म्हणजे आता अजून किती बिघडणार, राहू दे. कॉम्प्युटर तिला दरवर्षी खाली ढकलतो. म्हणून काही सिटी फुटलेल्या रेसिडेन्शियल रस्त्यांसाठी बजेटचा एक हिस्सा आधीच वेगळा काढून ठेवतात. तुमच्या सिटीत असा हिस्सा आहे का, हा कौन्सिलला विचारायचा पहिला प्रश्न. दुसरा, आमच्या गल्लीचा पीसीआय किती आणि शेवटचं काम कुठल्या साली झालं. तिसरा, पुढच्या पाच वर्षांच्या प्लॅनमध्ये आम्ही आहोत का. ही माहिती सिटीकडे असते, बे एरियातल्या बहुतेक सिटी एमटीसीचंच (आपल्या भागाच्या ट्रान्सपोर्टेशन कमिशनचंच) सॉफ्टवेअर वापरतात, त्यामुळे ‘आमच्याकडे रेकॉर्ड नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. आणि एकटीने मेल करण्यापेक्षा गल्लीतली पाच-सहा घरं मिळून मार्च-एप्रिलमध्ये मीटिंगला जा, तीन मिनिटं बोलायला मिळतात, फोटो दाखवा. फक्त एक लक्षात ठेवा, यादीत नाव आलं म्हणजे रस्ता झालाच असं नाही. गरजेप्रमाणे बदल करायची मोकळीक कायद्यानेच सिटीला दिलीय.

प्रॉपर्टी टॅक्सचं म्हणाल तर त्यातला मोठा भाग शाळा आणि काऊंटीकडे जातो, सिटीच्या वाट्याला जे येतं त्यातून पोलिस आणि फायर. पण एक हत्यार तुमच्या हातात आहे. एस बी वनचा पैसा घेणाऱ्या सिटीने रस्त्यांवर स्वतःच्या जनरल फंडातून पूर्वी जेवढं खर्च केलं होतं, २००९-१० ते २०११-१२ या तीन वर्षांची सरासरी, तेवढं दरवर्षी करावंच लागतं. स्टेटचा पैसा आला म्हणून स्वतःचा खिसा बंद, असं चालत नाही. ती वर्षं मंदीची होती, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी हा आकडा फार लहान आहे हेही खरं. तरी विचारा, आकडा काय आणि खर्च किती केला. कौन्सिलमध्ये हा प्रश्न कुणी विचारत नाही, त्यामुळे विचारला की सगळे कागद चाळायला लागतात.

आमच्या दोन्ही गाड्या ईव्ही. एक मित्र प्रत्येक भेटीत टोमणा मारतो की तुम्ही रस्ता फुकट वापरता. — एक वाचक, सनीवेल

त्याला तुमचं रजिस्ट्रेशनचं बिल दाखवा. २०२० किंवा त्यानंतरच्या मॉडेलच्या झिरो एमिशन गाडीला वर्षाला १०० डॉलरची रोड इम्प्रूव्हमेंट फी जुलै २०२० पासून लागू झाली, तीही महागाईप्रमाणे वाढत जाते, शिवाय किमतीप्रमाणे असलेली फी तुम्ही भरताच. पण मित्र अगदीच चूक नाही हं. वर्षाला पंधरा हजार मैल चालणारी पेट्रोलची गाडी, गॅलनला तीस मैल धरा, म्हणजे पाचशे गॅलन, तिचा नुसता स्टेटचा टॅक्स तीनशे डॉलरच्या वर जातो. आणि तुमची गाडी २०१९ ची असली तर ती १०० डॉलरची फीसुद्धा नाही. हे असंच चाललं तर गॅस टॅक्स आटणार हे स्टेटला माहितीय, म्हणून २०१६-१७ मध्ये पाच हजारांवर गाड्या घेऊन मैलामागे पैसे आकारायची चाचणी करून झाली. माझं विचाराल तर शेवटी तिकडेच जावं लागेल.

रस्त्यांचा पैसा बाइक लेनवर का उडवतात? — एक वाचक, ट्रायव्हॅली

उडवतात हा शब्द तुमचा. एस बी वनच्या कायद्यातच पायी चालणारे, सायकलवाले, सिग्नल, पाण्याचा निचरा हे सगळं बसतं. रस्ता नवीन होतोच आहे तर पट्टे वेगळ्या जागी मारायला वेगळा खर्च जवळजवळ नसतो. काँक्रीटचे दुभाजक वगैरे महाग, ते मान्य. आणि सिटीचा सरासरी पीसीआय ८० किंवा वर असेल तर तिला हा पैसा इतर ट्रान्सपोर्टेशनच्या कामांवर वापरता येतो, तुमच्या सिटीचा किती ते आधी बघा. मला विचाराल तर सायकलपेक्षा कचऱ्याच्या ट्रकची काळजी करा. १९५० च्या दशकाच्या शेवटी इलिनॉयमधे ओटावाजवळ मोठी रोड टेस्ट झाली, तिच्यातून निघालं की एका ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान साधारण सोळापट होतं. तुमची गल्ली तुमच्या टोयोटाने नाही फुटत, आठवड्यातून तीन वेळा येणाऱ्या कचरा, रिसायकल आणि कंपोस्टच्या ट्रकने फुटते.

आम्ही टाऊनहाऊसमध्ये राहतो. सिटी म्हणते रस्ता आमचा नाही. आम्ही काय टॅक्स भरत नाही? — एक वाचक, डब्लिन

भरता, पण रस्ता खरंच सिटीचा नाही. सोसायटीच्या आतले रस्ते बहुधा प्रायव्हेट असतात आणि प्रायव्हेट रस्त्यावर गॅस टॅक्सचा पैसा लावता येत नाही. सीसी अँड आर, म्हणजे सोसायटीची नियमावली, काढून वाचा, एचओएच्या (घरमालकांच्या संघटनेच्या) रिझर्व्ह स्टडीमध्ये, म्हणजे राखीव पैशाच्या हिशेबात, डांबरासाठी किती साठवलंय ते बघा. तिथे खडखडाट असेल तर स्पेशल असेसमेंट, म्हणजे जादा वर्गणी, येणार, आत्ताच बोर्डाच्या मीटिंगला जायला लागा.

एल कमीनोवर खड्डा होता, सिटीला कळवलं तर म्हणे कॅलट्रान्सला सांगा.

बरोबर सांगितलं. एल कमीनो रियाल आपल्याकडे बराचसा स्टेट रूट ८२ आहे, तो कॅलट्रान्सचा, म्हणजे स्टेटच्या हायवे खात्याचा. बाजूच्या गल्लीत वळलात की सिटी.

घरासमोरचा फुटपाथ झाडाच्या मुळाने उचललाय, सिटी मलाच नोटीस देतेय!

देऊ शकते. १९११ पासूनच्या कायद्याचा वारसा आहे, समोरच्या मालकाने फुटपाथ राखायचा. झाड सिटीचं असेल तर अर्धा खर्च वाटून घेण्याची योजना काही सिटींत असते, पैसे भरायच्या आधी विचारा.

बॉस्टनजवळ राहतो, आमच्याकडे एस बी वनसारखं काही आहे का?

आहे, मॅसॅच्युसेट्स स्टेटचा चॅप्टर ९०. तिथला नेहमीचा फॉर्म्युला मला आपल्यापेक्षा शहाणा वाटतो, ५८.३३ टक्के वजन रस्त्याच्या मैलांना, उरलेलं लोकसंख्या आणि नोकऱ्यांना निम्मं निम्मं. म्हणजे लांब रस्ते आणि थोडी घरं असलेलं गावही उपाशी राहत नाही. पण टाऊनने आधी खर्च करायचा आणि मग स्टेटकडून परत घ्यायचा. आणि तुमच्याकडच्या मतदारांनी २०१४ मध्ये गॅस टॅक्स महागाईला बांधायचा कायदा रद्द करून टाकला, त्यामुळे तो २४ सेंटवरच थांबलाय, डांबर मात्र दरवर्षी महाग होतंय.

खड्ड्यात टायर आणि रिम दोन्ही गेले, ७०० डॉलरचा फटका. सिटीकडून मिळतील?

प्रयत्न करा, पण खात्री देत नाही. कॅलिफोर्नियात अशा नुकसानीचा क्लेम सहा महिन्यांच्या आत सिटीकडे लेखी द्यावा लागतो, त्यानंतर दार बहुतेक बंद. खड्डा सिटीला आधीपासून माहीत होता आणि दुरुस्तीला पुरेसा वेळ होता, हे दाखवता आलं तर केस उभी राहते. म्हणजे तुमच्या आधी कुणी त्याच खड्ड्याची तक्रार केली होती का, हे पब्लिक रेकॉर्ड्स रिक्वेस्ट टाकून काढा. टायरचं बिल, खड्ड्याचा फोटो, शेजारी काहीतरी मापाला ठेवून, आणि क्लेम नेहमी सिटी क्लर्कच्या ऑफिसात, पब्लिक वर्क्सच्या मेलवर नाही.