पैसे भरले, तरी गाणं वाजेना

प्रश्न : मी केरी-सत्तरीत मुलांना भजन शिकवतो. कला अकादमीच्या भजन स्पर्धेची तयारी चालू आहे. मुलांच्या कानावर जुन्या गायकांचे अभंग पडावेत म्हणून गाण्याच्या एका ॲपची वर्गणी भरली, अभंग फोनवर डाउनलोड करून ठेवले. देवळाच्या चौकात रेंज नाही. परवा मुलं जमली, पेटी-पखवाज जुळले आणि बघतो तर फोनवर सगळ्या गाण्यांची नावं राखाडी! ‘इंटरनेटला जोडा’ एवढंच येत होतं. गाणी फोनमध्ये असून वाजत का नाहीत? पुतण्या म्हणतो, कुलूप तोडणारं सॉफ्टवेअर मिळतं. ते वापरणं गुन्हा आहे का?
– एक भजनी बुवा

उत्तर : बुवा, तुमचा संताप अगदी रास्त आहे.

गाणी फोनमध्ये आहेत, पण कुलूपबंद. फाइल सांकेतिक रूपात उतरते आणि ती उलगडणारी किल्ली ॲपच्या हाती राहते. त्या किल्लीला मुदत असते. स्पॉटिफायवर, उदाहरणार्थ, ३० दिवसांत एकदा तरी फोन ऑनलाइन आला नाही तर उतरवलेली गाणी बंद पडतात. वर्गणी चालू आहे ना, हे कंपनीला तपासायचं असतं. चोर्ला घाटाच्या पायथ्याशी रेंज नसते, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात कुठेच नाही. तूर्त एवढं करा : तालमीच्या आदल्या दिवशी साखळीला किंवा वाळपईला गेलात की ॲप उघडा, एखादा अभंग वाजवा, मग फोन फ्लाइट मोडवर टाकून तोच पुन्हा वाजतो का पाहा.

वर्गणी म्हणजे घरभाडं. ते थांबलं की गाणी गेली. हे निदान कळतं तरी. पण विकत घेतलेली गाणीही याच कुलपात अडकत, हे मला अजून पचत नाही. मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिक या आपल्या ऑनलाइन दुकानात गाणी विकली आणि २००८ च्या एप्रिलमध्ये गिऱ्हाइकांना कळवलं की ३१ ऑगस्टनंतर नव्या कॉम्प्युटरसाठी किल्ली मिळणार नाही. ओरड झाली तेव्हा मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवली. ज्यांनी पैसे मोजले, त्यांनाच ही धास्ती! फुकट उतरवणाऱ्याच्या एमपीथ्रीला कसलंच कुलूप नव्हतं. ॲपलने २००९ मध्ये विक्रीच्या गाण्यांवरचं कुलूप काढलं, त्याने त्यांचं दुकान काही बसलं नाही.

आता कायदा. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे हेतू महत्त्वाचा. तरीही पुतण्याला आवरा. ॲपच्या करारात कुलूप तोडणं बसत नाही, खातं बंद होऊ शकतं, आणि असलं सॉफ्टवेअर फोनमध्ये आणखी काय घुसवेल याचा भरवसा नाही.

मी तुमच्या जागी असतो तर शिकवण्यापुरते अभंग ॲपवर ठेवलेच नसते. सीडी मिळतात तिथे घ्या; स्वतःच्या सीडीवरून स्वतःच्या फोनवर गाणं घेणं खासगी वापरात येतं. ऑनलाइन घ्यायचं तर एमपीथ्री किंवा फ्लॅक अशी बिनकुलपाची फाइल हातात देणाऱ्या दुकानातूनच घ्या आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. शिवाय आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्या त्यातून केव्हाच मोकळ्या झाल्या. तुमच्या यादीतले कुठले अभंग किती सालच्या तबकडीवरचे आहेत ते लिहून पाठवा, मोकळे कुठले ते पुढच्या अंकात सांगतो.