मूल भेटायला नकार देते तेव्हा ‘पेरेंटल एलियनेशन’चा मुद्दा मांडावा का?

पत्नी वेगळी राहू लागल्यापासून आपली नऊ वर्षांची मुलगी आपल्याला भेटायला तयार नाही, आई तिचे कान भरते अशी आपली खात्री आहे आणि ताब्याच्या अर्जात ‘पेरेंटल एलियनेशन’चा, म्हणजे एका पालकाने मुलाचे मन दुसऱ्या पालकाविरुद्ध कलुषित केल्याचा आरोप करावा का, असे आपण विचारले आहे. मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करतो. माझे मत असे की, अर्जात हा शब्द नसला तरी चालेल, घटना मात्र तारीखवार हव्यात.

‘पेरेंटल एलियनेशन सिंड्रोम’ ही संकल्पना अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ मध्ये मांडली, परंतु २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकारांच्या अधिकृत सूचीत तिला विकार म्हणून स्थान मिळाले नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात तिची दखल घेतली आणि मुलीचा कल वडिलांकडे असूनही ताबा आईकडे दिला. २०२४ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने बजावले की, दुरावा निर्माण करणारे वर्तन नेमके कोणते हे दाखवल्याशिवाय कोणत्याही पालकावर हा शिक्का मारण्याची घाई करू नये.

मुलीच्या नकाराची कारणे अनेक असू शकतात. घरात मारहाण, व्यसन किंवा सततची आरडाओरड तिने पाहिली असेल, तर तिची भीती खरी आहे आणि तिचे खापर आईवर फोडणे अन्यायाचे ठरेल. (हा प्रश्न आपण स्वतःला आधी विचारावा, वकिलाला तो विचारणे अवघड जाते.) याउलट कालपर्यंत गळ्यात पडणारे मूल अचानक ‘नोटीस’, ‘पोटगी’ असे मोठ्यांचे शब्द वापरू लागते, एका पालकात चांगले काहीच उरलेले नाही असे सांगते, आजी-आजोबांचेही नाव टाकते आणि कारण विचारल्यावर त्याला आठवणारा एकही प्रसंग सांगता येत नाही, तेव्हा पढवले गेल्याची शंका घ्यायला जागा असते. अशा मुलाची खरी कोंडी निष्ठेची असते: बाबांकडे हसून पाहिले तर आई दुखावेल, या धास्तीने ते स्वतःची माया दाबून ठेवते. त्यातून अपराधीपणा येतो, झोप आणि अभ्यास बिघडतो. शिवाय ज्या पालकाचा तिरस्कार करायचा त्याचेच नाक-डोळे आणि सवयी आपल्यात आहेत, हे कळू लागल्यावर ते स्वतःवरही रुसते. मोठेपणी नात्यांवर विश्वास टाकणे अशा काहींना जड जाते.

म्हणून तूर्त ताब्यासाठी भांडण्यापेक्षा समुपदेशकाच्या उपस्थितीत, थोड्या वेळाच्या पण नियमित भेटी मिळाव्यात असा अंतरिम अर्ज करावा. रद्द झालेल्या भेटींची तारीख आणि दिलेले कारण लिहून ठेवावे, मेसेज जपावेत. मुलीचे बोलणे मात्र चोरून ध्वनिमुद्रित करू नये आणि भेटीत तिची उलटतपासणी घेऊ नये. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याच्या कलम १७(३) नुसार समज आलेल्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते. न्यायाधीश तिच्याशी स्वतंत्रपणे बोलतील, तेव्हा तिला काय बोलावे हे आपणही शिकवू नये. भेट नाकारली म्हणून पोटगी थांबवण्याचा सल्ला नातेवाईक हमखास देतात. तो ऐकू नका: पोटगी आणि भेट यांचे आदेश वेगवेगळे असतात आणि थकबाकी झाली की भेटीच्या अर्जावर समोरच्या वकिलाला आयते उत्तर मिळते.